माईक कुठे ठेवायचा?

घरच्या व्हिडिओसाठी बाहेरचा माईक कुठला घ्यावा, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी तरी विचारला असेल. आयटीत आहे म्हटल्यावर प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं आपल्याला कळतं असा लोकांचा समज असतो, त्याला इलाज नाही. पण शेवटचा प्रश्न पाचोऱ्याहून आला आणि तो जरा वेगळा होता. मित्राला त्याच्या आजीचं बोलणं रेकॉर्ड करायचंय. आजी पंच्याऐंशीच्या पुढची, बोलणार अस्सल अहिराणी, आणि जात्यावरची, हळदीची गाणी अजून पाठ. "भो, फोर-के कॅमेरा घेतला. आता फक्त माईक सांग, दोन हजारात बसव."

आता हा "फक्त माईक" शब्दप्रयोग बघा. कॅमेऱ्यावर चाळीस-पन्नास हजार गेले आणि माईकला दोन हजार! यात मित्राचा दोष नाही, आपण सगळेच असं करतो. पण ज्या आजीची खरी ठेव तिच्या आवाजात आहे, तिथे हे गणित उलटं आहे असं मला वाटलं, आणि मग शनिवार-रविवार या विषयाच्या इतिहासात शिरलो. शिरल्यावर एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. माईक चांगला की वाईट हा प्रश्न नेहमीच दुसरा होता. पहिला प्रश्न कायम एकच: तो तोंडापासून किती लांब आहे?

सुरुवात माईकच नव्हता तिथून करू. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हा वीज वगैरे भानगड नव्हती. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गायकाने तोंड कर्ण्याजवळ नेऊन जोरात गायचं, त्या हवेच्या धक्क्यानेच सुई हलायची. म्हणजे रेकॉर्डिंगची सगळी ऊर्जा गायकाच्या छातीतून यायची. ज्याचा आवाज मोठा आणि खणखणीत त्याचीच तबकडी चांगली निघायची. गौहर जान गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या आणि तिथल्या माणसांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं. हे नाव सांगणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या कर्ण्यापुढे एखादी म्हातारी गुणगुणली असती तर तबकडीवर काहीच उमटलं नसतं. पहाटे जात्यावर बसलेली बाई दुसऱ्या कुणासाठी गात नसते. तिचा आवाज जात्याच्या घरघरीला लागून चालतो. ग्रामोफोनची पहिली पंचवीस वर्षं या आवाजाला तंत्रज्ञानातच जागा नव्हती. आपल्याकडच्या संगीत नाटकाचंही तसंच. बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात राहून मेहबूबखाँकडे गाणं शिकले, हे आम्हा जळगाव जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला फार आवडतं :-). त्यांच्या उमेदीच्या काळात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचा. ज्याचा आवाज पोचतो त्यालाच मंच, ज्याचा पोचत नाही त्याला घर.

याच काळात सरकारी पातळीवर एक वेगळाच उद्योग चालू होता. जॉर्ज ग्रियर्सन नावाचा आयसीएस अधिकारी भारतातल्या भाषांची पाहणी करत होता. त्याच्या लिंग्विस्टिक सर्व्हेच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ल भाषांबरोबर खानदेशी आली. पद्धत अशी, की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत भाषांतर करून लिहून मागवायची, म्हणजे बोलींची तुलना करता येते. (टेस्टिंगवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. सगळ्या सिस्टिम्सना एकच टेस्ट डेटा!) पण कागदावर बोली पूर्ण उतरत नाही हे लवकरच लक्षात आलं असावं, कारण १९१३ ते १९२९ या काळात सर्व्हेसाठी अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही केल्या गेल्या. त्या आज इंटरनेटवर ऐकता येतात. खरखरीच्या पलीकडून शंभर वर्षांपूर्वीचा माणूस बोलतो तेव्हा अंगावर काटा येतो, मग तो काय बोलतोय हे कळो ना कळो.

मग वीज आली. बेल कंपनीच्या गोटातल्या एडवर्ड वेंटेने १९१६ च्या सुमाराला कंडेन्सर मायक्रोफोन बनवला आणि १९२५ पासून तबकड्या विजेवर रेकॉर्ड व्हायला लागल्या. आता गायकाच्या छातीतली ताकद लागत नव्हती, ॲम्प्लिफायर ते काम करायचा. जगभर गाण्याची ढबच बदलली, हळू आवाजात कानाशी बोलल्यासारखं गाणारे गायक पुढे आले. माईकने पहिल्यांदा बारीक आवाजाला किंमत दिली असं म्हणायला हरकत नाही.

पण सिनेमात माईक आला आणि नवीनच पंचाईत झाली. कारण तबकडीसाठी गायक माईकसमोर उभा राहू शकतो, सिनेमात माईक दिसता कामा नये. म्हणजे माईक लांब. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट. अर्देशिर इराणींनी तो टॅनार नावाच्या यंत्रणेवर केला, ज्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटायचे. नंतर दुरुस्ती नाही, जे आलं ते आलं. स्टुडिओ रेल्वे लाईनीजवळ! दिवसा गाड्यांचा खडखडाट आवाजात यायचा, म्हणून शूटिंग रात्री एक ते चारच्या दरम्यान, गाड्या थांबल्यावर. आणि माईक कुठे? कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेचक्यांत लपवून ठेवलेले. नटांनी तिथे जाऊन बोलायचं.

पाचोऱ्याच्या माणसाला हे वाचून हसू येईल. गाव मुंबई-भुसावळ मेन लाईनवर. रात्री एक ते चार काय, चोवीस तास गाडी आहे. इराणींनी पाचोऱ्यात स्टुडिओ काढला असता तर आपला पहिला बोलपट अजून यायचा होता. आमची खरी लाडकी गाडी म्हणजे पाचोरा-जामनेर, सगळे तिला पीजे म्हणायचे, अडीच फुटी नॅरोगेज. १९१८-१९ च्या सुमाराला सुरू झालेली ही छोटी गाडी २०२० मध्ये थांबली. तिचे शेवटच्या काळातले व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत, चित्र झकास, आणि आवाजात बहुतेकदा फक्त माईकवर आदळणारा वारा. शंभर वर्षांच्या गाडीची शिट्टी ऐकायला जावं तर भर्रर्र! माईकवर घालायची पन्नास-शंभर रुपयांची केसाळ टोपी असती तर शिट्टी वाचली असती.

तर लपवलेल्या माईकवर उपाय काय? हॉलिवूडमध्ये १९२९ साली 'द वाइल्ड पार्टी'च्या सेटवर डोरोथी आर्झनर या दिग्दर्शिकेने माईक मासे पकडायच्या काठीला बांधून नटीच्या डोक्यावर फिरवायला लावला, अशी नोंद आहे. नटीने माईककडे जायच्याऐवजी माईक नटीमागे आला. आजही शूटिंगला लांब काठीवर माईक धरणारा माणूस दिसतो तो याच वंशातला. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात हुशार शोध वाटतो, आणि तो सर्किटमधला नाही, काठीचा आहे. आपल्या प्रत्येक घरात छताची जाळी काढायची काठी असतेच.

इथे थोडं थांबून बहिणाबाईंबद्दल बोलायला हवं. त्यांच्याशिवाय खानदेशात आवाजाचा विषय पुरा होत नाही.

बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, आसोद्याचा, मृत्यू १९५१, जळगाव. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करताना गाणी सुचायची, त्या म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी लिहून घेतली. बहिणाबाई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांसमोर गेली, आणि १९५२ साली पुस्तक आलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात त्या आहेत, १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या ओळी आल्या, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.

पण आवाज? तो आपल्याकडे नाही. आपण ज्या चालीत या कविता गुणगुणतो त्या संगीतकारांच्या चाली आहेत. बहिणाबाई स्वतः कुठल्या चालीत म्हणायच्या, कुठे श्वास घ्यायच्या, कुठल्या शब्दावर जात्याचा खुंटा फिरायचा, ते वहीत नाही. वहीत ते येऊच शकत नाही. खानदेशी बोलींमध्ये 'ळ' चा 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो, एवढं लिहिता येतं. पण तो 'य' नेमका कसा, किती ओला, किती लांब, यासाठी देवनागरीत अक्षर नाही. आणि खानदेशात तर दहा-पंधरा मैलांवर बोली हलते: चाळीसगाव-अमळनेरकडे अहिराणी, जामनेरकडे तावडी, यावल-रावेरकडे लेवा. पाचोऱ्यात यातलं बरंच काही एकाच बाजारात ऐकू येतं.

म्हणजे सोपानदेवांनी वही केली नसती तर काहीच उरलं नसतं, हे खरंच. त्यांनी त्यांच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन वापरलं. आपल्या हातात आज काय आहे याचा विचार केला की जरा लाजल्यासारखं होतं.

याचंच मोठं रूप म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावं. हे जवळजवळ सगळं हाताने लिहून घेतलेलं. १९९६ मध्ये बर्नार्ड बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारे संशोधक या कामात आले, डेटाबेस झाला आणि ध्वनिमुद्रणही झालं: सुमारे १२० तासांच्या टेप, चार हजारांवर ओव्या. पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साईटवर आता हे टप्प्याटप्प्याने ऐकायला मिळतं.

आकडे परत वाचा. लिहिलेल्या लाखाच्या वर, ऐकू येणाऱ्या चार हजारांच्या आसपास. पंचविसातली एक. आणि हे महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात चिकाटीने केलेल्या प्रयत्नात. दरम्यान गावात पिठाची गिरणी येऊन पिढ्या झाल्या. जातं कोपऱ्यात गेलं, ओवीचं कारणच संपलं. आता ओव्या ज्यांना येतात त्या बायका सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढच्या आहेत. दर वर्षी यादी लहान होते.

"पण कॅसेट तर घरोघरी होती की," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि त्यामागेही माईकचाच इतिहास आहे. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी पातळ फिल्मचा इलेक्ट्रेट माईक बनवला. जुन्या कंडेन्सर माईकला बाहेरून मोठा व्होल्टेज द्यावा लागायचा. यात विजेचा भार फिल्ममध्येच कायमचा अडकवून ठेवलेला, त्यामुळे माईक वाटाण्याएवढा झाला आणि किंमत काही रुपयांवर आली. पुढची कित्येक दशकं टेपरेकॉर्डर, टेलिफोन, हँडिकॅम, कॉलर माईक, सगळ्यात हाच. ऐंशीच्या दशकात घरोघरी टू-इन-वन आले त्यांच्या कोपऱ्यात एक बारीक भोक असायचं, त्याच्या मागे हा बसलेला. माईक यंत्रात गेला आणि आपण त्याला विसरलो, असं माझं मत आहे. यंत्र टेबलावर, माणूस खाटेवर, मध्ये दहा फूट आणि वर पंखा.

मग व्हिडिओ आला. नव्वदीत खानदेशातल्या लग्नात खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे हॅलोजन धरून फिरणारा पोरगा, हे दृश्य माझ्या वयाच्या मंडळींनी निदान कॅसेटमध्ये तरी पाहिलंय. आमच्या घरी १९९५ च्या एका लग्नाची कॅसेट आहे. मागच्या दिवाळीत ती डिजिटल करून आणली. हळदीच्या भागात दहा-बारा बायका अंगणात बसून गाताना दिसतात. त्यातल्या चारजणी आज नाहीत. तोंडं हलतायत, टाळ्या पडतायत, एकीचं गाणं मध्येच चुकतं आणि सगळ्या हसतात. आणि आवाज? 'हम आपके हैं कौन'ची गाणी. सलग. मिक्सिंग करणाऱ्याने मूळ आवाज पुसून त्यावर हिट गाणी टाकली, कारण तेव्हा सगळीकडे तीच रीत होती आणि गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यावरच्या माईकमध्ये मांडवाचा गलका, जनरेटर आणि बँडच आला असणार, तो ऐकवण्यापेक्षा माधुरी बरी. आमच्याकडे ती कॅसेट सगळ्यांनी एकदा पाहिली. कुणी काही बोललं नाही. आत्या म्हणाली, "हे मी म्हणत होते ना, तो आपला गोतावळ्याचा होता," आणि तिने दोन ओळी म्हणून दाखवल्या, पुढचं तिला आठवेना.

खानदेशातली सगळ्यात प्रसिद्ध घरगुती फिल्लमबाजी मात्र पाचोऱ्याच्या वरच्या अंगाला, त्याच गिरणा नदीवर, मालेगावात झाली. (जिल्हा नाशिक, पण खानदेशाला लागून.) व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमाराला 'मालेगाव के शोले' काढला, खर्च पन्नास हजारांच्या आसपास. त्यांच्या सुपरमॅनवर फैजा अहमद खानने केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ चा, आणि याच गोष्टीवर बेतलेला रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये थिएटरात आला. माहितीपट जरूर बघा, आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐका. मागे यंत्रमाग चालूच असतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असणं नेहमीचं. अशा गावात सिनेमा करायचा म्हणजे काय, याचा विचार फक्त कॅमेऱ्याच्या अंगाने करून चालत नाही. पुढे त्याच मालेगावातून छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर आले आणि कोट्यवधी वेळा पाहिले गेले. अहिराणी गाण्यांचंही तसंच झालं. म्हणजे बोलीला गिऱ्हाईक नाही हे म्हणणं आता खोटं ठरलंय. पण यूट्यूबवर आहे ती स्टुडिओत गायलेली, ढोल-सिंथेसायझरवरची अहिराणी. आजीची अहिराणी अजून घरातच आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर होते. यातल्या कितीजणांच्या घरी आजीचा पाच मिनिटांचा तरी स्वच्छ आवाज असेल?

आता गणित, थोडंसंच. उघड्यावर आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते. कॅमेरा आजीपासून तीन मीटरवर असेल आणि कॉलर माईक २५ सेंटिमीटरवर, तर अंतर बारापट कमी, म्हणजे फरक साधारण २२ डेसिबलचा. पंखा, फ्रिज, गल्लीतली रिक्षा मात्र दोन्ही माईकना जवळजवळ सारखीच ऐकू येते. म्हणजे हजार रुपयांचा कॉलर माईक २५ सेंटिमीटरवर ठेवला तर तो तीन मीटरवरच्या तीस हजारांच्या माईकला सहज हरवतो. बंद खोलीत थेट ६ चा हिशोब लागू होत नाही, कारण भिंतींवरून परत आलेला आवाजही मिसळतो, पण त्याने लांबच्या माईकचं आणखीच वाटोळं होतं. शब्द गुळमुळीत होतात. स, ट, च सारखी व्यंजनं, ज्यांच्यावर बोली ओळखू येते, तीच आधी विरघळतात. एआयवाले प्रोग्रॅम हल्ली पंख्याचा आवाज छान काढतात, पण विरघळलेला शब्द ते अंदाजाने भरतात, आणि अहिराणीचा अंदाज त्यांना कितपत असणार!

याच कारणाने कॅमेऱ्यावर बसवायचा लांबट शॉटगन माईक घरासाठी मी सुचवत नाही. तो दिसतो भारी, पण त्याची नळी बाजूचे आवाज कापते ती मुख्यतः वरच्या पट्टीतले, आणि मोकळ्या जागेत. पत्र्याचं छप्पर आणि शहाबादी फरशी असलेल्या खोलीत आवाज सगळीकडून आपटून समोरूनही येतो, मग नळी बिचारी काय करणार? हा माईक घ्यायचाच असेल तर काठीला बांधून आजीच्या डोक्यावर हातभर अंतरावर धरा. आर्झनरबाईंचा फॉर्म्युला.

एक चोर आणखी आहे, ऑटो गेन. बोलणारा थांबला की कॅमेरा आपोआप आवाज वाढवतो, आणि शांततेत पंखा विमानासारखा उठतो. कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू २००८ मध्ये आला तेव्हा त्याच्या चित्राने भल्याभल्यांना वेड लावलं, पण आवाज हाताने लावायची सोय त्यात २०१० च्या फर्मवेअरने आली. तोवर लोक वेगळा रेकॉर्डर घेऊन फिरत होते. तुमच्या कॅमेऱ्यात किंवा ॲपमध्ये ऑटो गेन बंद करता येत असेल तर पहिलं ते करा.

वायरलेस घ्यायचा का? पूर्वी वायरलेस माईक म्हणजे फ्रिक्वेन्सी, परवाना अशी कटकट असायची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि आजचे छोटे चौकोनी माईक त्यावरच चालतात. चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसासाठी, शेतात, स्वयंपाकघरात ते उत्तम. पण आजी खाटेवर बसून बोलणार असेल तर वायरचाच घ्या. चार्जिंग नको, पेअरिंग नको, वाय-फायशी भांडण नको. पाच-सहा मीटर वायरचा कॉलर माईक हजाराच्या आसपास मिळतो, उरलेल्या हजारात फोनसाठी चांगला यूएसबी-सी ॲडॉप्टर. फक्त तो माईकचा आवाज आत घेणारा आहे ना ते बघून घ्या, बरेचसे नुसते हेडफोनपुरते असतात. माईक कॅमेऱ्याला लावण्यापेक्षा दुसऱ्या फोनला लावा, फोन आजीच्या शेजारी, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की झालं.

हे झालं बोलण्याचं. जात्यावरची ओवी घ्यायची असेल तर मात्र कॉलर माईक पुरेसा नाही, कारण जात्याची घरघर हा त्या गाण्याचा ताल आहे, ती कापून कशी चालेल? तिथे फोन किंवा छोटा रेकॉर्डर जात्यापासून साधारण हात-दीड हातावर, खाली गोधडी घालून ठेवा, नाहीतर जमिनीतून नुसता गडगडाट येईल.

कॉलर माईक लावायचा कुठे, हे कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं, कारण ते रिव्ह्यू टी-शर्टवाल्या पोरांनी केलेले असतात. लुगड्याचा पदर डोक्यावरून आला की माईक पदराखाली जातो आणि कापड सतत घासतं. पोत, मंगळसूत्र, एकदाणी जे काही गळ्यात असेल ते माईकवर आपटतं. पदराच्या वरच्या काठाला, दागिन्यांच्या एका बाजूला, पिनेजवळ लावा, आणि वायरीचा एक छोटा वळसा करून पिनेत अडकवा म्हणजे ओढ बसणार नाही. बांगड्या वाजतात, वाजू द्या. बोलताना हात हलवणारच ती.

वेळ पहाटेची. उन्हाळा असेल तर कूलर बंद करायला आजी तयार होणार नाही, आणि पाचोऱ्याच्या मे महिन्यात तिला तसं सांगूही नये. हिवाळ्यात करा. लोडशेडिंगच्या काळात हे काम किती सोपं झालं असतं असं उगाच वाटतं, पंखा बंद, फ्रिज बंद, शेजाऱ्याचा टीव्ही बंद, अख्ख्या गल्लीत शांतता! फाईल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, दोन ठिकाणी ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत म्हणजे मूळ प्रत नव्हे. कुठे टाकायची असेल तर आधी तिला विचारा.

आणि सगळ्यात आधी, गौहर जानसारखं, तिला स्वतःच्या तोंडाने नाव सांगू द्या. नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, ओवी कुणाकडून शिकली. शेवटी नको, सुरुवातीलाच. तेवढ्यात तुमची आवाजाची पातळीही लावून होते.